बोर्डाखालची राख

"तुम्ही तासाभरात उठून जाताय साहेब. मी रात्री बारापर्यंत इथंच."

बेळगावात खडेबाजारजवळच्या एका बारमध्ये जेवत होतो. शेजारच्या टेबलावरच्या धुरानं डोळे चुरचुरले, म्हणून वेटरला म्हटलं, त्यांना सांग की रे. त्याचं हे उत्तर. बोलताना ओल्या फडक्यानं राख पुसत होता, मान वळवून खोकत होता. डोक्यावर धूम्रपान बंदीचा कन्नड बोर्ड.

सार्वजनिक जागी बंदी 2008 पासून आहे. कर्नाटकानं तर दंड 200 चा 1000 केलाय.

गिऱ्हाईक तुटेल, असं मालक म्हणतात. निपाणीकडं तंबाखूवर घरं चालतात, तेही मला कळतं. पण त्या पोराच्या छातीचं काय? गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सोय त्याला कोण देणार?

बिल देऊन निघालो, तेव्हा तो दुसरं टेबल पुसत होता.