जुन्या बोटीचा विमा: नाखवाने (बोटमालकाने) करायचं काय?

आमच्या काकांची हर्णैला लाकडी बोट आहे, जुनी, पण सांभाळलेली. दरवर्षी पावसाळी मासेमारी बंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, ती वर ओढून फळ्या तपासतात, सांध्यात कापूस भरतात, रंग देतात. यंदा विमा रिन्यू करायला गेले तर कंपनी म्हणते आधी सर्व्हे रिपोर्ट आणा, सर्व्हेयरची फी तुमचीच, आणि त्याने घसारा (जुनेपणाची घट) कापून बोटीची किंमत एवढी खाली आणली की बोट बुडाली तर त्या पैशात नुसतं इंजिनसुद्धा नवीन येणार नाही, आणि प्रीमियम मात्र वाढलेला! वर ते कव्हर फक्त बोट पूर्ण गेली तरच, नांगर तुटून खडकावर आपटली नि नुसत्या फळ्या फुटल्या तर काही नाही.

२०२० च्या निसर्ग वादळात आपल्या किनाऱ्यावर काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. केंद्र सरकारच्या मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूला ५ लाखांचं कव्हर आहे, ते चांगलंच आहे. पण बोट गेली की तांडेल (बोट चालवणारा), खलाशी, जाळी विणणाऱ्या बायका, सगळ्यांचीच चूल थांबते हो. मला वाटतं वय बघून नाही, बोटीची हालत बघून प्रीमियम ठरवा, आणि मच्छीमार सोसायटीमार्फत सगळ्या बोटींचा एकत्र सर्व्हे बंदीतच करा, तेव्हा त्या किनाऱ्यावरच असतात.