एक पौंड पैशाचा, एक वजनाचा, एक कोंडवाड्याचा

लंडनमध्ये चुकीच्या जागी लावलेली गाडी उचलून नेली की सांगतात, ‘ती पौंडमध्ये आहे.’ नव्याने आलेल्या आपल्या माणसाला आधी पैसेच आठवतात. पैसे लागणार असतातच, पण हा पौंड निराळा. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: कोंडवाडा.

जुन्या इंग्रजीत ‘पुंड’ म्हणजे कुंपण घातलेली बंदिस्त जागा. दुसऱ्याच्या शेतात शिरलेली गुरं गावच्या पौंडात कोंडायची आणि मालकाने भरपाई भरून सोडवायची, ही तिथली जुनी रीत. उत्तर इंग्लंडमधल्या काही गावांत असे दगडी वाडे अजून उभे आहेत. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्यात हीच पद्धत आपल्याकडेही लिहिलेली आहे: दंड, चाऱ्याचा खर्च, सात दिवसांत मालक आला नाही तर पोलिसांना कळवून नोटीस आणि शेवटी लिलाव. लंडनमध्ये गुरांच्या जागी गाड्या आल्या, बाकी सगळं तसंच. गावाकडे कोंडवाड्यातून म्हैस सोडवून आणलेल्या माणसाला इथला नियम समजावून सांगावा लागत नाही.

तरी तपशील लक्षात ठेवावेत. गाडी जागेवर नसली तर लगेच चोरी समजू नये. लंडनमध्ये ‘ट्रेस’ नावाची सेवा आहे. गाडीचा नंबर दिला की ती उचलली आहे का आणि कोणत्या पौंडात आहे, हे कळतं. जाताना चालक परवाना, गाडीचं नोंदणीपत्र आणि विम्याचा कागद न्यावा. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं पत्रही. रकमा तीन भरायच्या: दंड, उचलण्याचा खर्च आणि राखणावळ. दंड मुदतीत भरला तर निम्मा होतो, राखणावळ मात्र दिवसागणिक वाढते. म्हणून दंड अन्यायाचा वाटला तरी आधी गाडी सोडवावी आणि मग 28 दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यावी. निकाल लागेपर्यंत गाडी तिथेच ठेवणारे सगळ्यात जास्त पैसे घालवतात.

पैशाचा आणि वजनाचा पौंड मात्र एकाच घरचे. लॅटिनमध्ये ‘लिब्रा पोंडो’ म्हणजे वजनाने एक लिब्रा. बोलण्यात दुसरा शब्द टिकला, लिहिण्यात पहिला. म्हणून नाण्याच्या खुणेत ‘एल’ दिसतो आणि वजन ‘एलबी’ असं लिहितात. एका पौंड चांदीतून 240 पेनी पाडत. तो हिशेब 1971 च्या फेब्रुवारीपर्यंत चालला आणि मग 100 पेन्सचा पौंड झाला. वजनाचा पौंड म्हणजे 453.6 ग्रॅम. बाजारात सुट्या भाजीचा भाव किलोवर लावणं बंधनकारक आहे, पौंडाचा भाव फक्त सोबत लिहिता येतो. काही पाट्यांवर तोच ठळक असतो, म्हणून त्याला 2.2 ने गुणून पाहावं: पौंडाला 1.20 म्हणजे किलोला जवळपास 2.65. फळवाला ‘पौंड अ बोल’ ओरडतो तेव्हा तो पैशाचा पौंड असतो. वाटीभर फळं एका पौंडात, वजन आपण डोळ्यांनीच ठरवायचं.

बाळाचं वजनही घरोघरी पौंड-औंसांतच सांगतात. साडेसात पौंड म्हणजे 3.4 किलो, तेव्हा गावाकडच्या आजीने काळजी करू नये. केकचा पौंड आपल्याला माहीत आहेच.

याशिवाय इंग्रजीत आणखी एक पौंड आहे, तो क्रियापद: कुटणे. तो जुन्या इंग्रजीतल्या ‘पूनियन’पासून आला, शेवटचा ‘ड’ नंतर चिकटला. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना अजून एक भेटतो: फोनवर ‘पौंड दाबा’ म्हणजे हॅशचं बटण. ती खूण ‘एलबी’वर आडवी रेघ मारता मारता तयार झाली असं मानतात.

मराठीत पौंड, कोंडवाडा, कुटणे हे तीन वेगळे शब्द आहेत आणि ऐकताक्षणी काम कळतं. याचा मला अभिमान वाटतो. आता कुणी म्हणेल, आपला ‘वार’ घ्या: सोमवारचा वार, तलवारीचा वार, नऊवारीतला वार आणि गाय व्यायल्यावर पडते ती वार. खरं आहे. पण नऊवारी म्हटल्यावर कुणी नऊ दिवस मोजायला बसत नाही, आणि गायीची वार तर स्त्रीलिंगी. ‘पौंड’ला तेवढाही आधार नाही.

राहिलं आपलं कंपाऊंड. बंगल्याभोवतीच्या कंपाऊंडचा या कोंडवाड्याशी संबंध असेल असं सहज वाटतं, पण तो शब्द मलय भाषेतल्या ‘कांपुंग’वरून, म्हणजे वस्तीवरून, आला असं मानतात. दवाखान्यातला कंपाउंडर मात्र औषधं एकत्र करणारा. तो लॅटिनमधला, आणि पौंडाचा त्याच्याशीही संबंध नाही.