घरच्या मेल सर्व्हरसाठी स्पॅम आणि व्हायरसची गाळणी : नोंद तिसरी

परभणीच्या घरात पोस्टफिक्सवर (मेल घेणाऱ्या-पाठवणाऱ्या प्रणालीवर) चालणाऱ्या माझ्या मेल सर्व्हरवर नातेवाइकांची ९ खाती आहेत. स्पॅम गाळण्यासाठी स्पॅमअसॅसिन वापरावे की आरस्पॅमडी, हा मागच्या नोंदीत राहून गेलेला प्रश्न दोन्ही आळीपाळीने चालवून पाहिल्यावर सुटला असून, आरस्पॅमडी आणि जोडीला व्हायरस शोधणारे क्लॅमएव्ही ही रचना मी कायम केली आहे.

स्पॅमअसॅसिनबद्दल माझी तक्रार नाही. त्याचे पर्ल या संगणक-भाषेतले नियम वाचून समजतात, ५ गुण झाले की मेल स्पॅम ही मर्यादाही नवख्याला पटकन उमगते. मात्र माझ्या यंत्रात ४ जीबी मेमरी आहे आणि त्यातली एक जीबीहून अधिक क्लॅमएव्हीच्या व्हायरस-खुणांनाच लागते. वर स्पॅमअसॅसिनला पोस्टफिक्सशी जोडणाऱ्या अमाविसच्या प्रक्रिया आल्या की यंत्र अडखळू लागते. आरस्पॅमडी सी भाषेत लिहिलेले असल्याने हलके आहे आणि मिल्टर (मेल येतानाच तपासणारी जोड-गाळणी) म्हणून थेट पोस्टफिक्सला जोडता येते.

खरा कस लागला तो भारनियमनात. वीज गेली की पाठवणारे सर्व्हर बहुधा काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतात, त्यामुळे मेल हरवत नाही. पण वीज परत आल्यावर पोस्टफिक्स लगेच जागा होतो आणि क्लॅमएव्हीला सगळ्या खुणा मेमरीत घ्यायला वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळेत तुंबलेले मेल तपासणीविना आत येत होते. सर्व्हरच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) त्यांच्यापुढे CLAM_VIRUS_FAIL, म्हणजे व्हायरस-तपासणी होऊ शकली नाही, हे चिन्ह दिसल्यावर कारण कळले. हे चिन्ह आल्यास मेल तात्पुरता नाकारावा, असा नियम आरस्पॅमडीच्या फोर्स ॲक्शन्स या भागात लिहिल्यापासून तो मेल थोड्या वेळाने पुन्हा येतो आणि तपासूनच आत जातो. माझ्या मते गाळणी निवडताना ती चालू असताना किती पकडते याइतकेच ती जागी होत असताना काय करते, हेही पाहायला हवे. अँटीव्हायरस चालतो का हे पाहण्यासाठीची आयकारची ६८ अक्षरी निरुपद्रवी चाचणी-फाइलही पहिल्यांदा थेट खात्यात पोहोचली होती, कारण अँटीव्हायरसच्या मांडणीत नाकारण्याची कृती लिहायची माझ्याकडून राहिली होती. ही चाचणी प्रत्येकाने करावीच.

स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या याद्यांसाठी अनबाउंड हा डीएनएस (इंटरनेटवरचे पत्ते शोधणारा) सर्व्हर घरीच बसवला, कारण सार्वजनिक डीएनएसवरून विचारलेल्या प्रश्नांना अशा याद्या ठेवणारी स्पॅमहाउस ही संस्था उत्तर देत नाही.

आता उरले आहे ते बेझचे, म्हणजे उदाहरणांवरून स्पॅम ओळखायला शिकणाऱ्या आरस्पॅमडीच्या भागाचे, शिक्षण. स्पॅम आणि चांगले मेल यांची प्रत्येकी २०० उदाहरणे मिळेपर्यंत ते निकालात भाग घेत नाही, आणि ११ पेक्षा कमी शब्दखुणांचा (मजकुराच्या तुकड्यांचा) मेल ते मोजतच नाही. म्हणजे आत्याचा «उद्या सकाळच्या गाडीने येते» एवढाच मेल त्याच्या दृष्टीने नसल्यासारखा. स्पॅमची उदाहरणे भरली आहेत, पण चांगल्या मराठी मेलची १४०च झाली आहेत. मानवतच्या काकांनी कापसाच्या भावाचे जुने मेल वापरायला परवानगी दिली आहे, त्यामुळे उरलेली ६० या आठवड्यात शिकवून होतील.