तुम्ही विचारलंत म्हणून: विदूषकाचा हात का थरथरतो?

आमच्या गौरींपुढचा मोटरीवर हलणारा विदूषक बघून लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "शिवणकाम करणाऱ्या बाईला हे कसं काय जमलं?" त्याला मी उत्तर देत नाही, चहा देते. दुसरा प्रश्न मंडळातली पोरं विचारतात, तोही गणपती तोंडावर आल्यावर. "काकू, आमच्या विदूषकाचं सगळं जोडलंय, कॉम्प्युटरवर दिसतंय पण, तरी हात थरथरतोय. प्रोग्रॅम बघता का जरा?"

आता एकदाच सविस्तर सांगते.

आमच्या गौरींपुढे दोन फुटांचा विदूषक बसतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, त्या नाटकांत सूत्रधाराबरोबर विदूषक यायचा, म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो केला. धड कागदाच्या लगद्याचं, हात पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे. पोटात एका जुन्या गाडीच्या वायपरची मोटर होती. क्रँक, सळई, बास. हात वर, हात खाली, सकाळपासून रात्रीपर्यंत. मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची, आणि पाणी गेलं ५७ च्या वर. गावभागातल्या आमच्या घरात विदूषक माळ्यावर होता म्हणून वाचला. मोटर दुरुस्तीसाठी काढून कॉटखाली ठेवलेली, ती चिखलात गेली.

मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमधल्या चार सर्वो मोटरी आणि एक आर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड, घरात पडून होता. सर्वो म्हणजे खेळण्यातली साधी मोटर नव्हे. आत छोटी मोटर, दातऱ्यांची चाकं, एक पोटेन्शियोमीटर आणि इवलंसं सर्किट असतं. बाहेर तीन वायरी: तपकिरी किंवा काळी निगेटिव्ह, लाल पॉझिटिव्ह, केशरी, पिवळी किंवा पांढरी सिग्नलची. सिग्नलवर दर २० मिलिसेकंदांनी एक ठोका येतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर दांडा मधोमध, एकच्या आसपास असेल तर एका टोकाला, दोनच्या आसपास असेल तर दुसऱ्या. पोटेन्शियोमीटर दांडा कुठे आहे ते आतल्या सर्किटला सांगतो आणि मोटर तिथवर फिरून थांबते. विदूषकाला मान वळवून थांबता येईल, हे मला तेव्हा कळलं. वायपरच्या मोटरला थांबणं ठाऊक नव्हतं.

पहिल्या वर्षी मी चारही लाल वायरी उनोच्या पाच व्होल्टच्या पिनेवर खोचल्या आणि बोर्ड लॅपटॉपला जोडला. मान हलली. दोन्ही हात उचलायला सांगितल्यावर हात कापरे झाले आणि लॅपटॉपमधून यूएसबी निघाल्याचा तो टुडुंग आवाज. पोर्ट गायब. पुन्हा आला, पुन्हा गायब. मी तीन रात्री प्रोग्रॅम वाचला. एकेक ओळ उसवली आणि पुन्हा शिवली. प्रोग्रॅममध्ये काहीच चुकलेलं नव्हतं. जुन्या लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला बांधलेला. नऊ ग्रॅमची एसजी९० सुद्धा अडली की एकटीच तेवढं मागते. एमजी९९६आर ही धातूच्या चाकांची मोटर सहा व्होल्टवर अडली तर अडीच अँपिअरपर्यंत ओढते. करंट कमी पडला की व्होल्टेज बसतं, आतलं सर्किट गोंधळतं, मोटर जागा सोडते, परत धावते. तीच थरथर.

म्हणून मोटरींना वेगळा पुरवठा द्या. पाच व्होल्टची, पाच अँपिअरची एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेतून पाच व्होल्ट काढून देणारी डबी, एलईडी पट्ट्या विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळते. वायर जाड घ्या. टेलिफोनची उरलेली वायर वापरू नका, व्होल्ट रस्त्यातच सांडतात. मोटरींच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, उलटा लावू नका. आणि आर्डुइनो वापरत असाल तर एसएमपीएसची निगेटिव्ह आणि बोर्डाची ग्राउंड एकत्र जोडा. ती राहिली तर मोटरला सिग्नल कशाच्या मानाने मोजायचा तेच कळत नाही, आणि ती थरथर वेगळीच, भुतासारखी.

पुढच्या वर्षापासून मी पोलोलू कंपनीचा मायक्रो माएस्ट्रो वापरते. सहा मोटरींचा कंट्रोलर, आगपेटीपेक्षा लहान. कॉम्प्युटरला यूएसबीने जोडायचा, पण केबल मिनी-बी, जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची असायची तसली. नुसती चार्जिंगची केबल असेल तर दिवा लागतो आणि कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नाही. दिवा लागतो पण मोटर हलत नाही, हेही पुष्कळजण विचारतात. यूएसबीवर फक्त बोर्ड चालतो. मोटरींच्या ओळीला वीज तुम्हालाच वेगळी द्यायची असते.

माएस्ट्रो कंट्रोल सेंटर हे त्याचं सॉफ्टवेअर. 'स्टेटस'मध्ये चॅनेलसमोर, म्हणजे त्या मोटरीच्या जोडणीसमोर, 'एनेबल्ड'ची खूण केली की पट्टी सरकवून मोटर हलवता येते. पण पट्टी ओढायच्या आधी एक गोष्ट: मोटरीचा हॉर्न, म्हणजे तिच्या डोक्यावरचा प्लॅस्टिकचा पंखा, काढून ठेवा. आधी मोटर १५०० मायक्रोसेकंदांवर, म्हणजे दीड मिलिसेकंदावर, मधोमध आणा, मग हात हवा तसा धरून हॉर्न बसवा आणि स्क्रू आवळा. मी उलटं केलं होतं. विदूषकाने स्वतःच्याच कानफटात मारली आणि मनगट तुटलं. त्यानंतर 'चॅनेल सेटिंग्ज'मध्ये मिनिमम-मॅक्सिमम आवळून टाकले, म्हणजे पट्टी कुणीही ओढली तरी हात धडाला घासत नाही. 'अप्लाय सेटिंग्ज' दाबायला विसरायचं नाही.

'स्पीड' कोरा शून्य ठेवाल तर मान झटका देऊन वळते, माणूस दचकल्यासारखी. मी मानेला २० दिलंय. १००० मायक्रोसेकंदांवरून २००० वर जायला दोन सेकंद लागतात. वीस हा आकडा मला विदूषकाच्या स्वभावाला शोभला. भुवईला साठ.

स्वतः पायथॉन भाषेत प्रोग्रॅम लिहून हुकूम सोडायचा असेल त्यांच्यासाठी: 'सीरियल सेटिंग्ज'मध्ये 'यूएसबी ड्युअल पोर्ट' निवडा. नवा बोर्ड यूएआरटीवर असतो, म्हणजे हुकूम यूएसबीऐवजी पिनेवरून ऐकतो, आणि पोरं दिवसभर यूएसबीने हुकूम पाठवत बसतात. कॉम्प्युटरला दोन पोर्ट दिसतील, त्यातला 'कमांड पोर्ट' आपला. माएस्ट्रो पाव मायक्रोसेकंदात मोजतो, म्हणून १५०० चे झाले ६०००. हा आकडा दोन तुकड्यांत जातो. आम्ही बटणं मोजतो तसंच समजा, किती डझन आणि वर किती सुटी. इथे डझन १२८ चा. ६००० म्हणजे ४६ गठ्ठे आणि ११२ सुटी. सुटी आधी पाठवायची. तेव्हा शून्य क्रमांकाच्या मोटरीला मधोमध आणायचा हुकूम: १३२, ०, ११२, ४६. पहिला १३२ म्हणजे 'या जागी जा', दुसरा मोटरीचा क्रमांक. बास, चार आकडे.

पण मला कॉम्प्युटर देवघरात नको होता. 'सीक्वेन्स'मध्ये एकेक मुद्रा 'सेव्ह फ्रेम'ने साठवली, ती स्क्रिप्टमध्ये उतरवली आणि 'रन स्क्रिप्ट ऑन स्टार्टअप'वर खूण केली. आता लॅपटॉप काढला तरी चालतं. बोर्डालाही पाच व्होल्ट त्याच एसएमपीएसमधून. मोटरी आता पाच आहेत, सहावा चॅनेल इनपुट करून त्यावर १० किलोओहमच्या रेझिस्टरसह बटण लावलंय. पोरांनी दाबलं की विदूषक त्यांच्याकडे बघतो. दोन वर्षांच्या एका बाळाने बटण सोडायलाच नकार दिला होता, ती वेगळी गोष्ट.

आता त्या पोरांच्या प्रश्नाकडे. पडद्यावरची पट्टी तुमच्या मोटरीचा हात कुठे आहे ते दाखवत नाही, तुम्ही कुठे जायला सांगितलंय तेवढंच दाखवते. पोटेन्शियोमीटरचा निरोप मोटरीच्या पोटातच राहतो, बोर्डापर्यंत येत नाही. हात अडकलेला असला तरी पट्टी खुशाल टोकाला जाऊन बसते. मग पडद्यात बघून काय सापडणार? मोटरींच्या वायरींवर मल्टिमीटर धरा, हात उचला आणि काटा बघा. पाचाचे चार झाले तर पुरवठा. पाचाचे पाचच राहिले तर हाताने चाचपा, कुठे अडतंय. एसजी९० चा जोर १.८ किलो-सेंटिमीटर, दहा सेंटिमीटरच्या हाताच्या टोकाला १८० ग्रॅम झाले की संपलं. पितळी झांज चिकटवून "मोटर कमजोर आहे" म्हणणारे मी पाहिलेत.

परवाचा मुलगा मोबाइलचा चार्जर घेऊन आला होता. तो बदलून एसएमपीएस लावली तर उजवा हात शांत झाला, डावा नाही. मल्टिमीटर पाचावरच. मी विदूषकाचा झब्बा वर केला. बाही इतकी तंग शिवलेली की हात कोपरापाशी अडत होता. मोटर बिचारी पुढे ढकलत होती, कापड मागे ओढत होतं.

"कुणी शिवलाय हा?"

"आईनं, काकू."

त्याच्या आईला दुखवायचं नव्हतं. म्हटलं, माप घेऊन ये, काखेत चौकोनी कळी घालून देते. उद्या येणार आहे.