हिरवं बटण असताना टर्मिनल कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. परसोडीच्या आयटी पार्कजवळ तर्री-पोह्याची प्लेट हातात असताना कोणी ना कोणी नवा पोरगा विचारतोच, "सर, एडिटरमध्ये हिरवं बटण आहे ना, मग तुम्ही बिल्ड टर्मिनलवरून काऊन करता?" बिल्ड म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं, आणि टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. मी शायनिंग मारतो, असंही काहींना वाटतं.

बटणाशी माझं वैर नाही. ब्रेकपॉइंट लावून, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच थांबवून, एखादं फंक्शन तपासायचं असलं की मीही तेच दाबतो. पण कोणते फ्लॅग (कमांडला जोडायचे पर्याय) लागले, लायब्ररी (तयार कोडचा संच) कुठल्या फोल्डरमधून उचलली, यातलं बरंचसं त्या एका मशीनच्या सेटिंगमध्ये दडून राहतं. मग सुरू होतं, "माझ्याकडे तर चालतंय." कमांड मात्र फाइलमध्ये लिहून कोडसोबत गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) टाकता येते आणि सर्व्हरवर जशीच्या तशी चालते. तिथे बटण दाबायला कोणी बसलेलं नसतं. कमांडने शून्य परत केला तर बिल्ड झालं, दुसरा कुठलाही आकडा आला तर फसलं. सर्व्हरला तेवढं पुरतं.

दुसरं म्हणजे चूक नेमकी कुठे आहे ते कळतं. 'अनडिफाइंड रेफरन्स' ही एरर दिसली की पोरं आपल्याच कोडमध्ये सेमीकोलन शोधत बसतात. त्यांना मी जीसीसी हा कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) 'मायनस सी' (-c) लावून, म्हणजे फाइली न जोडता नुसतं कंपाइल करायला, चालवायला सांगतो. ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे त्या कोडचं मशीनच्या भाषेतलं रूप, गुपचूप तयार होते, एररचा पत्ता नाही. म्हणजे कंपायलरची तक्रारच नव्हती. फाइली जोडायला घेतल्या की तीच एरर परत हजर, कारण लिंकरला, म्हणजे फाइली जोडणाऱ्या प्रोग्रॅमला, कोडने हाक मारलेलं फंक्शन कुठेच सापडत नाही. बटण या दोन्ही पायऱ्या एका दमात उरकतं, म्हणून फरक दिसत नाही.

'मेक' या बिल्ड करून देणाऱ्या टूलचा जन्मही अशाच वैतागातून झाला. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत स्टुअर्ट फेल्डमनचा एक सहकारी अख्खी सकाळ बग शोधत बसला होता. कोड केव्हाच दुरुस्त झालेला, फक्त ती फाइल नव्याने कंपाइल करायची राहिली होती. म्हणून फेल्डमनने लिहिलेलं मेक फाइलींच्या वेळा ताडून बघतं. सोर्स फाइल (आपण लिहिलेला कोड) ऑब्जेक्ट फाइलपेक्षा नवी असेल तरच पुन्हा कंपाइल, नाहीतर हात लावत नाही. एवढं साधं. हेडर फाइल (अनेक सोर्स फाइलींना लागणाऱ्या घोषणांची फाइल) मेकच्या नियमात लिहायची राहिली तर मात्र मेकला बदल दिसत नाही, जुनीच ऑब्जेक्ट फाइल जोडली जाते आणि तुम्ही चक्रावता. जीसीसीला 'एमएमडी' (-MMD) फ्लॅग दिला की अशा हेडरची यादी तोच बनवून देतो.

मेकचे नियम ज्या फाइलमध्ये लिहितात त्या मेकफाइलमध्ये कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस दिल्या तर ती अडते. फेल्डमनला हे बदलता आलं असतं, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची घडी त्याला विस्कटायची नव्हती. त्या डझनभरांच्या सोयीसाठी आपण अजून टॅब मारतोय!

नागपूरकरांसाठी एक खास सूचना. 'मायनस जे' (-j) दिलं की मेक अनेक फाइली एकदम कंपाइल करतं. पुढे आकडा दिला नाही तर मर्यादाच राहत नाही. मे महिन्यात, बाहेर ४५ अंश आणि खोलीत कूलर घरघरतोय, अशा दुपारी लॅपटॉप तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. मी तेव्हा 'मायनस जे ४' वर थांबतो. डिसेंबरात प्रोसेसरचे सगळे कोर मोकळे सोडतो.

जावावाल्यांनी मेकफाइल लिहीत बसू नये. त्यांच्याकडे ग्रेडल हे बिल्ड टूल आहे. त्याची रॅपर स्क्रिप्ट प्रोजेक्टमध्येच ठेवता येते आणि ग्रेडलची ठरलेली आवृत्ती तीच उतरवून घेते. व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरचं बटणही आतून एमएसबिल्ड या बिल्ड टूललाच हाक मारतं, ती कमांड तुम्ही थेट देऊ शकता. आणि कोणाची मेकफाइल हाती आली तर आधी मेक 'मायनस एन' (-n) लावून चालवा. एखाददुसरा अपवाद सोडला तर, ज्या कमांड चालणार असतील त्या न चालवता ते नुसत्या छापून दाखवतं. पोहे संपेस्तोवर वाचून होतात.