आरएक्स ५८० वर बदललेला बायोस: टायमिंग, व्होल्टेज आणि फ्लॅशचा माझा अनुभव

ग्राफिक्स कार्डाच्या बायोसला (कार्डाची मूळ सेटिंग्ज असलेल्या फाइलला) हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. ज्या आकड्यांवर कार्ड विंडोजमध्ये आधी टिकलंय, तेच आकडे रॉममध्ये (बायोस साठवलेल्या चिपमध्ये) लिहायचे. पोलारिसच्या (एएमडीच्या आरएक्स ४७० ते ५८० या पिढीच्या) कार्डांवर मी काम करतो ते याच क्रमाने. इथे लिहिलंय ते ८ जीबी आरएक्स ५८० धरून. ४७०, ४८० आणि ५७० ला थोड्याफार फरकाने हेच लागू होतं.

पोलारिसच का? कारण एएमडीच्या ज्या कार्डांचा बायोस आतून बदलता येतो, त्यातली ही शेवटची पिढी. पुढच्या व्हेगा पिढीपासून रॉमच्या सहीची (कंपनीच्या डिजिटल खुणेची) तपासणी कार्डातच होते. तिथे फार तर व्हेगा ५६ ला ६४ चा जसाच्या तसा बायोस मारता (फ्लॅश करून लिहिता) येतो, आतला एक आकडाही बदलता येत नाही. एनव्हिडियाकडे मॅक्सवेलनंतर हा दरवाजा बंद झाला. २०२३ मध्ये सही ओलांडणारी फ्लॅश टूल्स आली, पण तीही तयार बायोस मारण्यापुरतीच, आणि २० सिरीजपर्यंतच.

दुसरं कारण बाजारातलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग (कार्डं चालवून क्रिप्टो नाणी मिळवणं) थांबलं आणि लॅमिंग्टन रोडपासून नेहरू प्लेसपर्यंत ५८० चे ढीग लागले. त्यातल्या बऱ्याच कार्डांवर मायनिंगचा बायोस आधीच मारलेला असतो. विकणारा ते लिनक्सवर चालवून दाखवतो. घरी येऊन विंडोजमध्ये ड्रायव्हर टाकला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो आणि लोक कार्ड मेलं म्हणून डोक्याला हात लावतात. कार्ड मेलेलं नसतं. रॉमची सही जुळत नाही म्हणून विंडोजचा ड्रायव्हर ते उचलत नाही, लिनक्सचा ड्रायव्हर सही बघतच नाही, एवढीच गोष्ट.

म्हणून पहिली पायरी ओळखपरेडीची. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं ॲप) उघडून चार गोष्टी बघायच्या: शेडर (चिपमधले हिशेब करणारे छोटे घटक) २३०४ आहेत की २०४८, मेमरी किती, मेमरी कोणाची (सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन की एल्पिडा) आणि डीफॉल्ट क्लॉक (मूळ वेग) किती. २०४८ शेडरचं '५८०' हे नावापुरतं ५८०. आत ऐवज ५७० चा. त्यावर २३०४ वाला बायोस मारून शेडर उघडत नाहीत, उगाच वाट लागते. कोअरचा (मुख्य चिपचा) डीफॉल्ट वेग ११५० च्या आसपास आणि मेमरी २००० च्या वर दिसली तर तो मायनिंगचा बायोस समजा. आवृत्तीच्या नंबरवर विसंबू नका, बायोस बदलायचा एडिटर तो बदलत नाही.

मग आहे तो बायोस जपून ठेवायचा. जीपीयू-झेडमधून एकदा आणि एएमडीव्हीबीफ्लॅशमधून (बायोस वाचायच्या-लिहायच्या टूलमधून) एकदा, दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर. पोलारिसची फाइल २५६ किंवा ५१२ केबीची असते; एखादी त्याहून लहान निघाली तर ती अर्धवट वाचली गेलीय, तिच्यावर काम करू नका. मायनिंगवालं कार्ड असेल तर टेकपॉवरअप या साइटच्या संग्रहातून मूळ बायोस घ्यायचा. कंपनी, मॉडेल, मेमरीचा आकार आणि मेमरीचा प्रकार, चारही जुळायला हवेत. तो मारून कार्ड आधी मूळ अवस्थेत नीट चालतंय ना हे बघितल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

बायोसच्या आधी पाना-पेचकसाचं काम. जुन्या कार्डाची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. ती बदला. मेमरीवरचे आणि व्हीआरएमवरचे (चिपला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावरचे) थर्मल पॅड फाटले असतील तर त्याच जाडीचे नवे टाका. जाडी मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून जुना पॅड जिथे दबलेला नाही त्या कडेला मोजा. अर्धा मिलिमीटर जाड पॅड टाकला की हीटसिंक चिपवर बसत नाही आणि तापमान पहिल्यापेक्षा वाढतं. एसएमपीएसही (पीसीचा पॉवर सप्लाय) बघून घ्या. आठ पिनची केबल थेट एसएमपीएसमधून यायला हवी, मोलेक्सचा जोड नको.

आता विंडोजमध्ये आकडे शोधायचे. आधी कोअरचं व्होल्टेज. रेफरन्स (एएमडीच्या मूळ डिझाइनचा) बूस्ट वेग १३४० मेगाहर्ट्झ. बहुतेक ब्रँडेड कार्डं १३६६ ते १४११ वर येतात आणि त्यासाठी ११५० मिलिव्होल्ट किंवा थोडं जास्तच घेतात. ॲड्रेनलिनमध्ये (एएमडीच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये) शेवटच्या स्टेटचं (वेगाच्या सगळ्यात वरच्या टप्प्याचं) व्होल्टेज १० मिलिव्होल्टच्या पायरीने खाली आणायचं आणि प्रत्येक पायरीवर सुपरपोझिशन (कार्डावर ताण देणारं बेंचमार्क) चालवायचं. माझ्या हाताखालून गेलेली बहुतेक कार्डं १३६६ ला १०५० ते १०९० च्या दरम्यान टिकतात. यातली एक मेख लक्षात ठेवा: मेमरी स्टेटला जे व्होल्टेज लिहिलंय ते कोअरसाठी तळ ठरतं. मेमरीला ११०० ठेवून कोअरला १०५० लिहिलं तर कार्ड ११०० वरच चालतं, आणि आपण म्हणतो अंडरव्होल्ट (कमी केलेलं व्होल्टेज) लागू होत नाही. दोन्ही सोबत उतरवा.

व्होल्टेज उतरलं की पॉवर लिमिटला धडकून क्लॉक पडणं थांबतं. १४५० च्या मागे लागणाऱ्यांना हे पटत नाही. पण ११७५ मिलिव्होल्टवर १४३० दाखवणारं कार्ड खेळताना १३५० वर घसरत असेल, तर १०७५ वर स्थिर १३६६ कधीही बरं. फॅनही शांत.

खरी मजा मेमरीत आहे, म्हणून इथे जरा थांबतो. जीडीडीआर५ चं (या कार्डांवरच्या मेमरीचं) टायमिंग, म्हणजे प्रत्येक कामाला किती थांबायचं ते, बायोसमध्ये पट्ट्यांच्या रूपात असतं, त्यांना स्ट्रॅप म्हणतात. १५००, १६२५, १७५०, २०००, २२५० अशा प्रत्येक मर्यादेला एक स्ट्रॅप. मेमरी १७५१ ते २००० मध्ये असेल तर २००० चा स्ट्रॅप लागतो. २००१ झाली की २२५० चा, आणि तो ढिला असतो. मूळ बायोसवर मेमरी २००० वरून २०५० केली तर फ्रेम वाढायच्या ऐवजी तिथेच राहतात किंवा एखाद-दुसरी कमीच होते, त्याचं कारण हे.

स्ट्रॅपमधली टायमिंग सायकलमध्ये मोजलेली असतात. १७५० चा स्ट्रॅप २००० वर चालवला की सायकल तेवढ्याच राहतात, पण प्रत्येक सायकल लहान होते. म्हणजे मेमरीला तेच काम १२.५ टक्के कमी वेळात उरकावं लागतं. सॅमसंगच्या चिपा (के४जी८०३२५एफबी) हे सहज झेपवतात आणि वर २१०० पर्यंत जातात. मायक्रॉन बहुधा झेपवते. हायनिक्सला २००० च्या पुढे नेण्याचा हट्ट धरू नका. एल्पिडाला मूळ स्ट्रॅपवर सोडलेलं बरं. १५०० चा स्ट्रॅप २००० वर ही मायनिंगवाल्यांची चाल. त्यांना अधूनमधून एखादा चुकीचा हिशेब चालून जायचा. गेममध्ये तेच टेक्स्चरवर रंगीत ठिपके किंवा थेट ब्लॅक स्क्रीन होऊन समोर येतं.

फाइल पोलारिस बायोस एडिटरमध्ये उघडली की उजवीकडे टायमिंगची यादी दिसते, प्रत्येक ओळ ९६ अक्षरी. मर्यादेच्या आधी १: किंवा २: असा आकडा असतो, तो मेमरीच्या प्रकाराचा. एकाच बायोसमध्ये दोन-तीन कंपन्यांच्या चिपांचे स्ट्रॅप असू शकतात. १:१७५० ची ओळ १:२००० आणि १:२२५० मध्येच कॉपी करायची. १ ची ओळ २ मध्ये गेली की सॅमसंगचं टायमिंग हायनिक्सला लागतं आणि विंडोजचा लोगो येता येता स्क्रीन काळी होते. मूळ म्हणून विकलेल्या बायोसमध्ये या तिन्ही ओळी सारख्याच दिसल्या तर त्यावर आधीच कुणीतरी हात मारलाय. १५०० च्या खालच्या ओळींना शिवू नका, नाहीतर डेस्कटॉपवर चमका मारतात. काही आवृत्त्यांत 'वन क्लिक टायमिंग पॅच' असं बटण असतं. तेही मायनिंगसाठी आहे.

याच खिडकीत उरलेले आकडे. कोअरच्या आठ स्टेटपैकी शेवटच्या काही स्टेटसमोर व्होल्टेज म्हणून ६५२८२, ६५२८३ असे आकडे दिसतात. ते मिलिव्होल्ट नाहीत. त्या जागी ड्रायव्हर चिपच्या प्रतीनुसार व्होल्टेज ठरवतो. विंडोजमध्ये टिकलेला आकडा, समजा १०७५, फक्त शेवटच्या स्टेटला लिहायचा आणि त्याच्या आधीच्या दोन-तीन स्टेटना उतरत्या क्रमाने; खालचे तसेच राहू द्या. पॉवरट्यून या भागात टीडीपी (पॉवरची मर्यादा) वॅटमध्ये, टीडीसी (करंटची मर्यादा) अँपिअरमध्ये आणि मॅक्स पॉवर लिमिट असे तीन आकडे असतात. हे वॅट फक्त चिपचे. अख्खं कार्ड रेफरन्सला १८५ वॅट घेतं. वाढवायचेच असतील तर तिन्ही एकाच प्रमाणात, १० टक्क्यांच्या आत. अंडरव्होल्ट केल्यावर मी ते बहुधा वाढवतच नाही. एकच सहा पिन असलेल्या रेफरन्स ४८० वर तर मुळीच वाढवू नका. सहा पिन आणि स्लॉट दोन्ही ७५-७५ वॅटचे, आणि हेच कार्ड २०१६ मध्ये स्लॉटमधून मर्यादेबाहेर करंट ओढतं म्हणून गाजलं होतं. ते ड्रायव्हरमधून आवरावं लागलं. सेव्ह करताना एडिटर चेकसम (फाइल बरोबर आहे का ते ताडायचा आकडा) दुरुस्त करतो. हेक्स एडिटरने बदल केलात तर ती जबाबदारी तुमची.

फ्लॅश करताना यूपीएस जोडलेला हवा. लाइट जाण्यासाठी नेमकी हीच वेळ नको. ज्या कार्डांवर दोन बायोसचं बटण आहे, तिथे एका बाजूला मूळ ठेवून दुसऱ्या बाजूवर मारा. ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड खिडकीत एएमडीव्हीबीफ्लॅशला डॅश आय दिलं की कार्डांची यादी येते; मग डॅश अनलॉकरॉम आणि कार्डाचा क्रमांक; मग डॅश पी, क्रमांक, फाइलचं नाव. विंडोजमधल्या आवृत्तीत हेच 'लोड इमेज' आणि 'प्रोग्रॅम' या बटणांनी होतं. सबसिस्टम आयडी जुळत नाही असं आलं तर डॅश एफ लावून जबरदस्ती करू नका, तुमच्या हातात दुसऱ्याच कार्डाची फाइल आहे. फ्लॅश झाल्यावर पूर्ण बंद करून चालू करा.

पहिल्या बूटला कमी रिझोल्यूशन आणि पिवळा त्रिकोण दिसणार, ते अपेक्षितच. एटीआयकेएमडीएजी पॅचर ॲडमिन म्हणून चालवायचा, तो ड्रायव्हरमधली सहीची तपासणी काढतो, मग रिस्टार्ट. ड्रायव्हर अपडेट झाला की पुन्हा पॅच. २०२३ च्या अखेरीपासून एएमडीने पोलारिस आणि व्हेगाचे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत टाकलेत, अपडेट क्वचितच येतात, त्यामुळे हा त्रास पूर्वीइतका नाही.

तपासणीत फक्त आर्टिफॅक्ट (चित्रातले ठिपके, पट्टे) दिसतात का यावर जाऊ नका. जीडीडीआर५ मध्ये चूक पकडून डेटा पुन्हा पाठवायची सोय आहे. त्यामुळे मेमरी हद्दीबाहेर गेली तरी चित्र स्वच्छ दिसतं, पण पुन्हा पाठवण्यात वेळ जाऊन फ्रेम कमी होतात. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या ॲपमध्ये खाली 'जीपीयू मेमरी एरर्स' अशी ओळ असते, ती अर्ध्या तासाच्या लोडनंतर शून्य हवी. आकडा चढत असेल तर मेमरी २५ मेगाहर्ट्झने खाली घ्या. २००० ला येऊनही चढत असेल तर स्ट्रॅप झेपत नाहीये, मूळ ओळ परत टाका. खोली गार असताना पास झालेलं कार्ड मे महिन्यात दुपारी नापास होतं, म्हणून सीमेवर पास झालेल्या आकड्यातून २५ मेगाहर्ट्झ मी आधीच वजा करतो.

मिळतं काय? १०८०पी वर मला सरासरीत पाच-सात टक्के, मेमरीवर अवलंबून असलेल्या गेममध्ये थोडं जास्त, आणि चिपचा वापर २५-३० वॅटने कमी. प्रोसेसर अडवत असेल तर काहीच नाही.

कार्ड चित्रच देत नसेल तर आधी बटण पलीकडे करून बूट करा आणि विंडोज चालू झाल्यावर बटण परत खराब बाजूला आणून तिथे मूळ फाइल मारा. बटण नसेल तर प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर किंवा दुसऱ्या कार्डावर बूट करून हेच करायचं. खराब रॉममुळे मशीन पोस्टच होत नसेल (सुरुवातीच्या तपासणीतच अडकत असेल), तर आठ पायांच्या बायोस चिपचा पहिला आणि आठवा पाय चालू करताना जोडून ठेवतात आणि विंडोज आल्यावर सोडतात. कार्ड रॉमविना ओळखलं जातं आणि फ्लॅश करता येतं. हात थरथरत असेल तर त्यापेक्षा सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिपवर थेट लिहिणारं छोटं यंत्र) आणि क्लिप आणा. चिपचं व्होल्टेज मात्र आधी तिच्या नंबरवरून तपासा, कारण काळ्या बोर्डाच्या स्वस्त प्रोग्रॅमरच्या डेटा लाइनवर ५ व्होल्ट येतात.

ऑनलाइन खेळणाऱ्यांसाठी एक मोठी अडचण उरते. पॅच केलेला ड्रायव्हर चालवायचा तर सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) बंद ठेवावा लागतो, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट या गेमला सिक्युअर बूट चालू लागतो. दोन्ही एकाच वेळी जमत नाही. अशांनी मूळ बायोसच ठेवावा, ॲड्रेनलिनमध्ये मेमरी टायमिंग 'लेव्हल २' निवडावं आणि व्होल्टेज तिथूनच उतरवावं. स्ट्रॅप बदलून मिळतं तेवढं नाही, तरी त्यातला बराचसा भाग पदरात पडतो, आणि ड्रायव्हरला हात लावावा लागत नाही.