“बाबा घोरताहेत,” ती म्हणाली

अ‍ॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेणं हे माझं काम. पेशंट दिसत नाही, त्याला हात लावता येत नाही. कानावर जे पडेल त्यावरच ठरवायचं. दोन प्रश्न आमच्या जिभेवर कायम तयार असतात. खांदे हलवून हाक मारली तर माणूस ओ देतो का? श्वास नेहमीसारखा चालू आहे का? दोन्हींना ‘नाही’ आलं की लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, सुरू करायला सांगायचं.

त्या रात्री दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं, “हो मॅडम, घेताहेत ना! जोरात घोरताहेत.”

आवाजावरून मुलगी विशीतली वाटत होती. पलंगावर पडलेले वडील हाकेला ओ देईनात म्हणून तिने फोन लावला होता. मी तिला फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या तोंडाजवळ धरायला सांगितलं. एक खरखरीत आचका ऐकू आला. मग काहीच नाही. “पुढचा श्वास आला की ‘आला’ म्हणा,” मी म्हटलं आणि घड्याळाकडे बघत राहिले. आठ सेकंद गेले, तेव्हा कुठे ती “आला” म्हणाली.

हा श्वास नव्हताच. हृदय बंद पडल्यावरही मेंदूचा तळाचा भाग थोडा वेळ धडपडत असतो, त्यातून असे आचके येतात. तोंड पाण्याबाहेरच्या माशासारखं उघडतं, घशातून घोरल्यासारखा आवाज निघतो, आणि घरच्यांना वाटतं, जीव आहे, थांबू या. कोणी कुशीवर वळवतं, कोणी तोंडात पाणी घालतं. रक्त न मिळालेल्या मेंदूला चारेक मिनिटांत इजा व्हायला लागते आणि ती मिनिटं नेमकी यातच निघून जातात. सीपीआरबद्दल एकच गोष्ट सांगायची मुभा मिळाली, तर मी ही सांगेन.

“ताई, बाबांचं हृदय थांबलंय. गाडी निघाली आहे. ती येईपर्यंत आपण दोघी त्यांचं हृदय चालवायचं. घरात अजून कोण आहे?”

आरडाओरडा ऐकून शेजारचे काका आले होते. दोघांनी मिळून चादरीसकट वडिलांना जमिनीवर घेतलं. पलंगावर छाती दाबली तर गादीच खाली जाते, छाती दबत नाही.

“छातीच्या मधोमध, दोन स्तनाग्रांच्या मध्ये जे हाड लागतं, त्यावर तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवा. दुसरा हात त्यावर. कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. आता अंगाचा भार टाकून दाबा. पाच सेंटिमीटर तरी खाली गेली पाहिजे. माझ्याबरोबर मोजा. एक, दोन, तीन, चार...”

मिनिटाला 100 ते 120 वेळा, या वेगाने मी मोजत होते. तिच्या दमलेल्या आवाजावरून कळत होतं की हात चालू आहेत. मध्येच ती किंचाळली, “मॅडम, काहीतरी कटकन मोडलं!”

“बरगडी असेल. ती जुळते. थांबू नका. पाच, सहा...”

हे इतक्या सहज म्हणता येत नाही. आपल्याच माणसाचं हाड आपल्या हाताखाली मोडल्यावर पुन्हा तिथेच जोर लावणं फार अवघड आहे. तिने तो लावला.

काकांनी विचारलं, तोंडाने श्वास द्यायचा का? मी नको म्हटलं. मोठा माणूस अचानक कोसळतो तेव्हा सुरुवातीला रक्तात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, तो फिरता ठेवणं महत्त्वाचं. लहान मूल असेल किंवा कोणी बुडालं असेल, तर मात्र श्वास द्यावेच लागतात. सीपीआर शिकलेला माणूस मग 30 दाबांनंतर 2 श्वास देतो.

दोन मिनिटांत कोणाचेही हात गळतात. दमलेला माणूस दाबतो, पण उथळ, आणि हे त्याला स्वतःला जाणवतही नाही. “काका, तिच्या समोरच्या बाजूला गुडघ्यांवर बसा. मी ‘आता’ म्हटलं की ती हात काढेल, तुम्ही ठेवा.” अदलाबदल पटकन झाली. काकांचा जोर चांगला होता, पण ते छातीवर रेलून राहत होते. “प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. ती वर येते तेव्हाच हृदयात रक्त भरतं.” मग मुलगी म्हणाली, जरा थांबून नाडी बघू का? मी ठाम नाही म्हटलं. हात थांबले की हृदयाला मिळणाऱ्या रक्ताचा दाब लगेच कोसळतो आणि पुन्हा तेवढा व्हायला बरेच दाब खर्ची पडतात.

आमची टीम पोहोचली तेव्हा फोन चालूच होता. मशीनचे पॅड छातीला लागले, “सगळे बाजूला व्हा” ऐकू आलं, शॉक दिला गेला आणि लगेच पुन्हा दाबणं सुरू झालं. दुसऱ्या शॉकनंतर कोणीतरी म्हणालं, “पल्स आहे.” मग फोन कट झाला.

नंतर टीममधल्या सहकाऱ्याने सांगितलं की पहिल्या तपासणीत हृदय नुसतं थरथरत होतं. शॉक लागू पडतो तो या थरथरीवर. रेष सपाट झाली की शॉकचा उपयोग नसतो. छाती दाबत राहिलं तर ही थरथर जास्त वेळ टिकते. त्या दोघांनी ती गाडी येईपर्यंत टिकवली होती. वडील पुढे शुद्धीवर आले आणि मुलीला त्यांनी नावाने हाक मारली, हेही त्यानेच सांगितलं.